मातीची पाठवणी

भूकंपाला अकरा वर्षं झाली त्या वसंतात आमच्या भट्टीत पहिल्यांदा खरी माती जायची होती. त्याआधी दीड वर्ष आम्ही खोटीच माती वितळवत होतो. म्हणजे दुकानातून आणलेली स्वच्छ माती, तिच्यात बाटलीतलं निरुपद्रवी सीझियम मिसळून. खोटी माती फार गुणी निघाली. सांगितलं तशी वितळली, सांगितलं तशी थिजली, आणि आमच्या व्यवस्थापकांनी वर्तमानपत्रवाल्यांना बोलावून हसतमुखाने फोटो काढून घेतले.

मी मूळचा कुंभार. डोंगरातल्या कुंभारगावात आमच्या घराण्याची भट्टी होती. ती भूकंपात बसली, आणि किनाऱ्यावरच्या अणुवीज केंद्रातून सुटलेल्या किरणोत्सर्गामुळे गाव दुसऱ्याच दिवशी रिकामं झालं. पुढची नऊ वर्षं मी इवाकी शहरातल्या सरकारी घरात काहीही न करता काढली. बायको त्याला अजून माझी ‘विश्रांती’ म्हणते. मग या प्रायोगिक प्रकल्पाला आगीची सवय असलेला माणूस हवा होता, तेव्हा कुणीतरी माझं नाव सुचवलं.

काम समजायला सोपं होतं. दूषित माती वितळवायची, पण तिची नुसती काच करायची नाही. रस साच्यात ओतला की तो नऊशे अंशांवर काही तास धरून ठेवायचा. तेवढ्या वेळात काचेत बारीक बारीक स्फटिक धरतात, आणि मातीतलं किरणोत्सर्गी सीझियम त्यांच्यात अडकून बसतं. मग तो ठोकळा महिनाभर पाण्यात बुडवून ठेवला तरी त्यातून काही सुटू नये. डॉक्टर मिझोगुची हेच सांगायला पंधरा मिनिटं घ्यायचा. त्सुकुबाच्या संशोधन संस्थेतून आलेला चौतिशीचा हुशार पोरगा, मला ‘हांगाईकाका’ म्हणायचा आणि माझं ऐकायचा. मी त्याला एवढंच सांगायचो की थंड करताना घाई करू नका.

खऱ्या मातीसाठी कुरोहाता वस्ती निवडली, कारण ती प्रकल्पापासून सगळ्यांत जवळ. तिथल्या शेतांवरची वरची माती खरवडून टनाटनाच्या काळ्या पिशव्यांत भरलेली होती, आणि त्या पिशव्या शिगा कुटुंबाच्या शेतात चार थरांनी रचल्या होत्या. वर हिरवी ताडपत्री, भोवती कुंपण, कुंपणाला कुलूप. वस्तीच्या समाध्या मागच्या टेकडीवर आहेत आणि तिथे जायच्या पायऱ्या त्याच शेतातून सुरू होतात. वर्षातून एकदा अर्ज केला तर पांढरे झगे घालून अर्धा तास वर जाता यायचं. समाधी उघडून नव्या अस्थी ठेवायला मात्र मनाई होती.

शिगाआजींना नेमकं तेच करायचं होतं.

आजी तेव्हा ब्याऐंशीच्या. त्यांचे यजमान गेंजिरो इवाकीतच वारले, त्याला सात वर्षं झाली होती. अस्थींचा माठ पांढऱ्या फडक्यात बांधून सरकारी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, टीव्हीच्या शेजारच्या फळीवर ठेवलेला. आजी आमच्या प्रत्येक माहिती-बैठकीला यायच्या आणि पहिल्या रांगेत बसायच्या.

“मला बाकीचं काही कळत नाही,” त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं. “मला ते माझ्या हातांनी वर न्यायचेत. एकेचाळीस पायऱ्या आहेत. हाडांचा डॉक्टर म्हणतो, गुडघे आणखी दोन वर्षं चालतील. तेव्हा तुम्ही लोकांनी जरा भराभर हात चालवावेत.”

गुडघे चालू राहावेत म्हणून त्या लिफ्ट वापरत नसत. दिवसातून दोनदा चौथ्या मजल्यावरून खाली, दोनदा वर. व्यवस्थापकांनी त्यांना शब्द दिला होता: चाचणी पार पडली की पहिल्यांदा कुरोहाताच्याच पिशव्या हलवू, शरद ऋतूपर्यंत वाट मोकळी. चाचणी फसली तर काय, हे कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

तर भट्टी पेटवायच्या आदल्या दिवशी कुरोहाताच्या लोकांनी मातीला निरोप द्यायचं ठरवलं. अडतीस म्हातारेकोतारे बस करून आले. व्यवस्थापकांना तर आनंदच झाला. लोकांचं सहकार्य त्यांना अहवालात लिहायला हवंच होतं. मिझोगुची त्या दिवशी नव्हता. त्याच्या मुलीचा शाळेतला पहिला दिवस होता, म्हणून तो त्सुकुबाला गेला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. पहिल्या घाण्याची माती वाळवून, चाळून, एका लांबरुंद पत्र्याच्या परातीत पसरून ठेवलेली. अडतीस जण पांढरे झगे, टोप्या, मास्क घालून कठड्यामागे उभे राहिले. देवळातल्या पुजाऱ्याने मंत्र म्हटले. मग शिगाआजींनी पिशवीतून मिठाचे दोन मोठे पुडे काढले.

आता मीठ टाकायचं, यात आमच्याकडे कुणालाच काही वावगं वाटणार नाही. प्रेतयात्रेहून आलं तर अंगावर मीठ, नव्या घराचा पाया खणला तर चारी कोपऱ्यांना मीठ. मी स्वतः प्रत्येक भट्टी लावण्याआधी तिच्या माथ्यावर चिमूटभर मीठ ठेवत आलोय. पण माथ्यावर. आत नाही.

कारण मला ठाऊक होतं. मी विशीत असताना वडिलांनी लोणच्याची एक जुनी बरणी पुन्हा भाजायला भट्टीत लावली. पन्नास वर्षं तिच्यात आंबवलेले प्लम मुरत होते आणि मीठ तिच्या अंगात शिरलं होतं. भट्टी उघडली तर बरणीच्या आजूबाजूच्या सगळ्या भांड्यांची झिलई गेलेली. मीठ आगीत बसून राहत नाही. त्याची वाफ होते, आणि जाताना ती हाताला लागेल ते घेऊन जाते. वडिलांनी त्या दिवशी जेवणाला हात लावला नव्हता.

मी परातीपासून चार हातांवर झाडू घेऊन उभा होतो. आजींनी पहिली मूठ टाकली.

“जा बाई,” त्या मातीला म्हणाल्या. “चाळीस वर्षं पोसलंस आम्हाला. नीट जा.”

मग एकेक जण पुढे आला. कुणी डोळे पुसत होतं, कुणी मास्कमधून पुटपुटत होतं. शेतकऱ्यांचे हात, त्यांची मूठही तशीच. व्यवस्थापकांनीही थोडं टाकलं आणि कंबरेत वाकून नमस्कार केला. मला एक वाक्य बोलायचं होतं: थांबा, मीठ आत नको. हे वाक्य बोलायला पहिल्या मुठीपासून शेवटच्या मुठीपर्यंत चांगली दहा मिनिटं होती. नंतरही वेळ होता. ती माती बाजूला काढून दुसरी चाळा, असं मी संध्याकाळी सांगू शकलो असतो, फार तर आठवडा गेला असता. मी बोललो नाही. आजींच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांत पहिल्यांदा थोडी शांती दिसत होती, आणि ती मोडायचा मला धीर झाला नाही. मोठ्या घाण्यात एवढंसं मीठ चालून जाईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर घाणा काही मोठा नव्हता.

दुसऱ्या दिवशी भट्टी लागली. दुपारपर्यंत धुराड्याच्या गाळणीवरचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला. सीझियम शंभरातले नव्याण्णव भाग तरी ठोकळ्यात राहायला हवं होतं. राहिलं एकाहत्तर. उरलेलं वाफेबरोबर निघालं आणि गाळणीत जाऊन बसलं. बाहेर काही गेलं नाही, गाळणीने आपलं काम चोख केलं. चाचणी मात्र गेली.

मिझोगुचीने तीन आठवडे झोप घेतली नाही असं त्याच्या तोंडावरून दिसत होतं. मग एके सकाळी तो कागद फडकवत आला.

“काका, मिळालं. मातीत मीठ आहे. भरपूर. सगळा घोळ मिठाने केलाय. पण खरवडली त्या वेळच्या नोंदीत मीठ नाही. हे आलं कुठून?”

मी हातमोजे काढत होतो. एक बोट निघेना.

“किनाऱ्याजवळचं शेत ना ते,” मी म्हणालो. “त्सुनामी आली होती. समुद्राचं असेल.”

तो इतका खूश झाला की त्याने मला त्याच्याजवळचा भाताचा गोळा खाऊ घातला. तसं हे उत्तर सगळ्यांच्या सोयीचं होतं. समुद्रावर कुणी रागावत नाही, आणि आजींना कधी कळणारही नव्हतं की आपल्या हातांनी आपण काय केलं. जुन्या नोंदी चुकल्या असतील, असं मिझोगुची स्वतःच म्हणाला. त्या घाईत केलेल्या होत्या, हे खरंच होतं.

महिन्याने त्याने मला नवा तक्ता दाखवला. त्यात सगळ्या वस्त्यांच्या मातीचे गट पाडले होते. किनाऱ्याची माती खारट, ती आधी धुवावी लागणार, धुवायची यंत्रणा अजून कागदावरसुद्धा नाही. म्हणून आता सुरुवात डोंगराकडच्या मातीपासून. कुरोहाता यादीत सगळ्यांत शेवटी होतं आणि तारखेच्या रकान्यात आडवी रेघ होती.

“वाईट वाटतं,” मिझोगुची म्हणाला. “पण समुद्रापुढे कोण काय करणार?”

लोकांपुढे हा तक्ता मांडायला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मी रोज त्याच्या खोलीपर्यंत जात होतो आणि चहा पिऊन परत येत होतो. मी भित्रा माणूस आहे. माझा भित्रेपणा लोकांना चांगुलपणा वाटतो, त्यामुळे तो आजवर खपून गेला.

बैठक इवाकीच्या समाजमंदिरात होती. चटया, उशा, प्रत्येकापुढे चहा आणि तांदळाची कडक बिस्किटं. मी मागे भिंतीला टेकून बसलो. मिझोगुचीने पडद्यावर चित्रं दाखवली आणि शेवटी तक्ता आणला. “शेतांवर आलेल्या समुद्राच्या पाण्यामुळे,” तो म्हणाला, “दुर्दैवाने कुरोहाताची माती सध्या घेता येणार नाही.”

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुन्हा चहाकडे पाहिलं. डॉक्टर माणसाला तोंडावर खोटं पाडायची कुणाला सवय नव्हती. मग शिगाआजींनी हात वर केला.

“डॉक्टर, आमच्या शेतात समुद्र आला नव्हता.”

“आजी, अकरा वर्षं झाली, कदाचित—”

“वर्षं मला मोजता येतात. पाणी आमच्या बांधाच्या खाली चाळीस पावलांवर थांबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, बस न्यायला यायच्या आधी, आमच्या यांनी तिथे जाऊन खुंटी मारली. मी ओरडत होते, बस येईल, सामान बांधा, आणि हा माणूस खुंटी ठोकत बसला होता. समुद्र इथवर आला आणि थांबला, हे नंतरच्यांना कळायला पाहिजे म्हणे.”

मागून दोघंतिघं हो हो म्हणाले. मिझोगुची गोंधळला. “पण मातीत मीठ आहे, आजी. आम्ही तीनदा तपासलं. कुठून तरी आलंच असणार.”

आजींनी कप खाली ठेवला. तो ठेवायला त्यांना बराच वेळ लागला.

“मीठ म्हणजे,” त्या म्हणाल्या, “आपलं साधं खायचं मीठ?”

“तेच.”

“मग ते आम्हीच टाकलं.”

“कुठे टाकलं?”

“परातीत. निरोपाच्या दिवशी. पुडे मी आणले होते.”

शेजारचे एक आजोबा घाईघाईने म्हणाले, “मी तर चिमूटभरच टाकलं.”

“तुमची चिमूट म्हणजे फावडं,” त्यांची बायको म्हणाली. “आणि दोनदा टाकलंत.”

दोनचार जण हसले आणि लगेच गप्प झाले. व्यवस्थापक आपल्या वहीत काहीतरी फार लक्षपूर्वक लिहायला लागले. मिझोगुचीचा चेहरा मला दिसत होता. त्यावर आधी आश्चर्य होतं, मग आनंदही होता, कारण माती निर्दोष निघाली होती. मग त्याला आठवलं, आणि त्याने खोलीच्या टोकाला माझ्याकडे पाहिलं.

“काका, तुम्ही तर म्हणाला होतात की त्सुनामीचं—”

सगळी डोकी माझ्याकडे वळली.

“त्याला काय विचारता?” आजी म्हणाल्या. “तो डोंगरातला कुंभार. समुद्र कुठवर आला ते त्याला काय ठाऊक? आम्हाला विचारायचं होतं.”

लोक पुन्हा हसले, या वेळी मोकळेपणाने. डोंगरातल्या माणसाला समुद्रातलं काही कळत नाही, यावर किनाऱ्याकडे नेहमीच हसतात. मीही मान खाली घालून हसल्यासारखं केलं. आजी हसत नव्हत्या.

बाहेर निघताना त्या चपलांच्या फळीपाशी माझी वाट पाहत बसल्या होत्या. एक बूट पायात, एक हातात.

“तुला ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“आम्ही टाकत होतो तेव्हाच?”

“हो.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्हाला बरं वाटत होतं, आजी.”

त्यांनी दुसरा बूट घातला. मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही, फळीला धरून उठल्या.

“मला बरं वाटावं म्हणून नाही ठेवलेलं तुला तिथे,” त्या म्हणाल्या. “भट्टी नीट चालावी म्हणून ठेवलंय.”

दुसऱ्या दिवशी मी मिझोगुचीला सगळं सांगितलं, बरणीपासून. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, “काका, हे मला पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर एवढं झालं नसतं.” तेही आदराने.

मिठाची वाफ भट्टीच्या आतल्या विटांमध्ये शिरली होती. त्या सगळ्या काढून नव्या लावाव्या लागल्या. गाळणी बदलली. नवी परवानगी, नवी बैठक, नवे शिक्के. दुसरा घाणा लागायला चौदा महिने गेले. त्या वेळी कुरोहाताहून कुणी आलं नाही. आजींनीच सगळ्यांना सांगितलं होतं की आता मातीला एकटीला जाऊ द्या. परातीभोवती मी आणि मिझोगुची दोघंच होतो. माती ओतताना तिला कुणी ‘नीट जा’ म्हणालं नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.

घाणा उत्तम उतरला. नव्याण्णवच्या वर. राखी-हिरवट रंगाचे ठोकळे, ना चमक ना नक्षी, कुंभार म्हणून मी त्यातला एकही दुकानात मांडला नसता. महिनाभर पाण्यात बुडवले आणि पाणी स्वच्छ राहिलं. त्या शरद ऋतूत शिगांच्या शेतातल्या पिशव्या उचलायला सुरुवात झाली आणि नोव्हेंबरात पायऱ्यांपर्यंतची वाट मोकळी झाली.

आजी फेब्रुवारीतच पडल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्यावर जाताना. गुडघा आणि खुबा, दोन्ही. हाडांच्या डॉक्टरचा अंदाज फारसा चुकला नव्हता.

अस्थी ठेवायच्या दिवशी मला बोलावणं आलं. मी गेलो तेव्हा आजी शेताच्या कडेला गाडीत बसल्या होत्या, मांडीवर पांढऱ्या फडक्यातला माठ. योकोहामाहून त्यांची मुलगी आली होती आणि ती हात पुढे करून उभी होती.

“तू नाही,” आजी तिला म्हणाल्या. “तू पुढच्या वेळी नेशील.” मग माझ्याकडे पाहिलं. “तुझ्यामुळे उशीर झाला. तू ने.”

मी माठ घेतला. वाटला होता त्यापेक्षा जड होता. मुलगी मागून येत होती आणि वर पुजारी वाट पाहत होता. पायऱ्या उंच होत्या, शेवाळलेल्या होत्या, आणि प्रत्येक पायरीला मला वाटत होतं की मागच्या वर्षी आजी या चढल्या असत्या. थांबत थांबत, शिव्या देत, पण चढल्या असत्या. वर पोचल्यावर आम्ही समाधीची पुढची शिळा सरकवली. मी माठ आत ठेवला, पुजाऱ्याने मंत्र म्हटले, आम्ही शिळा परत लावली. मुलगी तिथे थोडी रडली. मी खाली आलो.

आजींनी गाडीची काच खाली केलेली होती.

“ठेवलं?”

“ठेवलं.”

“शेजारी जागा आहे ना?”

‘आहे’ हा शब्द माझ्या ओठांवर तयार होता. त्या जागी कुणीही भला माणूस तेच म्हणाला असता. जागा असणारच होती, आणि त्यांना बरं वाटलं असतं.

“पाहिलं नाही,” मी म्हणालो.

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मी वळलो आणि पुन्हा पायऱ्या चढायला लागलो. पुजारी आपल्या झग्याची घडी घालत होता, त्याने विचारलं, काय राहिलं? मी त्याला शिळेचं दुसरं टोक धरायला सांगितलं. आत अंधार होता. मी गुडघ्यावर बसून खांद्यापर्यंत हात घातला, गेंजिरोंचा माठ चाचपला, मग त्याच्या बाजूची रिकामी जागा, मग भिंत. वितीने मोजलं. पुन्हा एकदा मोजलं. मग शिळा लावून खाली आलो.

“माठ बसेल,” मी म्हणालो. “वर चार बोटं उरतात.”

“चार बोटं पुष्कळ झाली,” आजी म्हणाल्या, आणि मुलीला गाडी काढायला सांगितली.